बाईंच्या नावाची

"मी नाव बदलतेय," मुलगी म्हणाली आणि तिनं दाराची कडी लावून घेतली. शेजाऱ्यांच्या कानावर जाऊ नये असं काही बोलायचं असलं की ती आधी कडी लावत असे.

बारकी खाटेच्या कडेला गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. दिवसभर दुसऱ्याच्या घरात उभे राहिलेले पाय संध्याकाळी स्वतःच्या घरात आले की मनसोक्त ठणकत. तिनं एक पाय बाहेर काढला, पुसला आणि मग विचारलं, "कुणाचं नाव?"

"माझं. दुसऱ्या कुणाचं मी कशी बदलणार? पुढच्या आठवड्यात आमची नर्सिंगची प्रमाणपत्रं छापायला जातायत. एकदा छापलं की जन्माचं चिकटलं. त्याच्या आत उरकून टाकते. परवा कार्यालयात जायचंय. घरातल्या कुणाची तरी साक्ष लागते, तेव्हा तू पण यायचंस."

"अगं पण का? काय वाईट आहे त्या नावात?"

"नाव चांगलंय. ते तुझ्या बाईंचं आहे, एवढंच वाईट आहे."

गेल्या रविवारी काय झालं ते बारकीला ठाऊक होतं, कारण चहाचा ट्रे घेऊन तीच तिथं उभी होती. बाईंचं माकडहाड मोडल्यापासून त्या अंथरुणावर होत्या आणि भेटायला येणाऱ्यांना काहीतरी दाखवावं लागत असे. त्या दिवशी त्यांनी मुलीला बोलावून घेतलं, पाहुण्यांसमोर तिची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "ही माझ्या नावाची. हिच्या आईनं माझ्यावरच्या मायेनं ठेवलं हो नाव. मी पण शेवटच्या वर्षापर्यंत फी भरली. आता नर्स झालीय, म्हणजे माझं सगळं हीच करणार." पाहुणे म्हणाले, वा वा. मुलीनं हनुवटी सोडवून घेतली नाही, पण तिचे कान लालभडक झालेले बारकीला ट्रेच्या मागून दिसले होते.

"लहानपणापासून मला ती 'माझ्या नावाची' म्हणते," मुलगी म्हणाली. "कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधावा तसं. आणि तो पट्टा बांधला कुणी? तू. फी मिळावी म्हणून."

"ते बाईंचं नाव नाही," बारकी म्हणाली. "माझं आहे."

मुलगी हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं.

"तुझं नाव बारकी आहे, आई. तुझ्या ओळखपत्रावर बारकी, दवाखान्याच्या कार्डावर बारकी. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव बारकी. आता हे नवीन कुठून काढलंस?"

खरं तर बारकी म्हणावं असं तिच्यात आता काही राहिलं नव्हतं. बाईंच्या स्वयंपाकघराच्या अरुंद दारातून ती आडवी होऊन आत शिरत असे. पण सतराव्या वर्षी ती त्या घरात कामाला लागली तेव्हा वाऱ्यानं उडेल अशी होती. बाईही तेव्हा नव्याच, लग्न होऊन महिना झाला नव्हता, आणि घरात राज्य त्यांच्या सासूबाईंचं. सासूबाईंनी नव्या मोलकरणीला नाव विचारलं. तिनं सांगितलं. बाई फिसकन हसल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे तर माझं!" सासूबाईंना काही हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "एका नावाच्या दोघी मला घरात नकोत. मी सुनेला हाक मारायची आणि केरसुणी घेऊन ही यायची." दोघींपैकी कुणाचं नाव बदलायचं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. तो बारकीलाही पडला नाही, हे सांगितलं पाहिजे. बाईंनी तिला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "किती बारकी आहे ही! हिला बारकीच म्हणू या."

पुढे साहेबांनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्यानं, मोठ्या मनानं तिची सगळी कागदपत्रं करून दिली. तिला विचारायची गरज त्यांना वाटली नाही. घरात जे ऐकत होते तेच त्यांनी लिहिलं. तिला तेव्हा वाचता येत नव्हतं. आणि वाचता आलं असतं तरी साहेबांना खोडायला कोण सांगणार?

बारकीचा नवरा मात्र वेगळा. सायकली दुरुस्त करायचा. एरवी बोलण्यात महाकंजूष, पण दोघंच असताना तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारायचा, काही काम नसताना सुद्धा मारायचा. मुलगी झाली आणि बारकीनं तिला आपलंच नाव द्यायचं ठरवलं तेव्हा तो चक्रावला. "असं कुणी करतं का? मग मी तुला काय म्हणू?" त्यावर ती म्हणाली, "मला अगं म्हणा. माझं नाव माझ्याकडे नुसतं पडून आहे. तिच्या तरी कामाला येऊ दे." मुलगी दोन वर्षांची असताना तो एका साध्या तापानं गेला. बारकीच्या माहेरचं कुणी राहिलं नव्हतं आणि सासूबाईही गेल्या होत्या. त्यानंतर हे नाव मुळात कुणाचं, ते ठाऊक असलेली दोनच माणसं जगात उरली. एक बारकी आणि दुसऱ्या बाई.

आणि बाईंनी तर मुलीच्या जन्माच्या वेळीच घोळ करून ठेवला होता, कारण ती पहिल्या दिवशीची गोष्ट तेव्हा त्यांच्या ध्यानातही नव्हती. बाळाला फ्रॉक घेऊन त्या आल्या, नाव ऐकलं आणि त्यांचे डोळे भरले. "माझं नाव ठेवलंस? अगं वेडे!" असं म्हणून त्यांनी बारकीचा हात हातात घेतला. मोलकरणीचा हात एरवी त्यांनी कधी घेतला नव्हता. बारकीनं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. गैरसमज आपोआप झाला होता. दूर करायला मात्र तोंड उघडावं लागलं असतं. मग शाळेचा प्रवेश आला, मग पुस्तकं, मग नर्सिंग. तोंड न उघडण्याची कारणं दरवर्षी नवीन निघत गेली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. जे नाव तिनं पोटच्या पोरीत लपवून ठेवलं होतं, ते बाईंच्या खात्यावर जमा होऊन बसलं.

एवढं सगळं तिनं त्या संध्याकाळी मुलीला सांगितलं. पाणी गार झालं. मुलगी उभी राहून ऐकत होती.

"आणि ओरडायचीस ते?" तिनं शेवटी विचारलं.

"कोण ओरडायचं?"

"तू. रोज संध्याकाळी. अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं, माझं नाव घेऊन. 'सकाळपासून राबतेय मी, दिसत नाही का तुला? जीभ आहे की सुरी? माझी पण पाठ आहे, लाकूड नाही!' मी सहा वर्षांची होते, आई. मी कधी तुला राबवलं होतं? मला नंतर कळलं, तू माझ्याशी बोलतच नव्हतीस. तू तिला शिव्या देत होतीस. घरी आयतं तिच्या नावाचं कुणीतरी ठेवलं होतंस ना."

ते खोटं नव्हतं. दिवसभर 'हो बाई, आले बाई' म्हणणाऱ्या तोंडाला संध्याकाळी ते नाव घेऊन ओरडताना जे सुख व्हायचं, ते तिला अजून आठवत होतं. त्या सुखाच्या दुसऱ्या टोकाला एक लहान मूल उभं होतं, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर तिनं तिकडे पाहिलं नव्हतं.

"ते माझं चुकलं," ती म्हणाली. "पण नाव माझंच आहे. बाईंना विचार. बारकी हे त्यांनीच ठेवलं."

मुलीनं जरा विचार केला. "ठीक आहे. उद्या जाऊ. त्यांनी हो म्हटलं तर मी नाही बदलणार. ते तुझं असेल तर मी जन्मभर वागवीन. शब्द देते."

त्या रात्री बारकी शांत झोपली. बाई चिडक्या असतील, कंजूष असतील, पण त्यांना कधी खोटं बोलताना तिनं ऐकलं नव्हतं. त्यांना खोटं बोलायची गरजच काय होती?

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. बाई तीन उशांना टेकून बसल्या होत्या आणि फोन छातीवर ठेवला होता. साहेब जाऊन काही वर्षं झाली होती, दोन मुलगे दोन देशांत होते आणि आईला फोन करायची आठवण दोघांनाही एकाच दिवशी व्हायची, ती सुद्धा अधूनमधून. "आली का माझ्या नावाची!" म्हणून त्यांनी मुलीला खुर्ची दाखवली. मुलगी बसली. बारकी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, कारण त्या खोलीत ती कधी बसली नव्हती.

"बाई, एक विचारायचं होतं," तिनं सुरुवात केली. "मी पहिल्या दिवशी कामाला आले, तेव्हा तुमच्या सासूबाईंनी मला नाव विचारलं. आठवतं?"

"सासूबाईंचं काय काय आठवू बाई? सुंभ जळला तरी पीळ नाही जळला त्यांचा."

"मी नाव सांगितलं आणि तुम्ही हसलात."

"तेव्हा मी कशालाही हसायचे गं. वीस वर्षांची होते."

"का हसलात ते आठवा ना बाई. तुम्ही म्हणालात, अगंबाई, हे तर..."

बारकी थांबली. पुढचं बाईंच्याच तोंडून यायला हवं होतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि बारकीला दिसलं की त्यांना आठवलं. तो चेहरा पाहून तिनं इतकी वर्षं ओळखलं होतं की आज पगार मागायचा की नाही, सुट्टीचं बोलायचं की नाही. तिची चूक होणं शक्य नव्हतं. बाईंचे ओठ जरासे उघडले सुद्धा. मग त्यांनी खुर्चीतल्या मुलीकडे पाहिलं.

"म्हणजे हिचं नाव तू..." बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "हिचं नाव माझ्यावरून ठेवलंस ना तू?"

बारकीनं पलंगाच्या पायथ्याची चादर सरळ केली.

"बाई," मुलगी पुढे झुकली. "तुम्ही बारकी म्हणायच्या आधी आईचं नाव काय होतं? तेवढंच सांगा."

बाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. "आधी आणि नंतर काय असतं? ही बारकीच. मी या घरात आले तेव्हापासून बारकीच. दुसरं काही मला नाही बाई आठवत." आणि खिडकीकडेच बघत, "बारके, पाय चेप जरा. सकाळपासून भरून आलेत."

आणि बारकीनं पाय चेपले. राग आला नव्हता असं नाही. डोक्यापर्यंत आला, घशापर्यंत आला, पण बोटांपर्यंत पोचला नाही. बोटं सवयीनं आपलं काम करत राहिली. जगात कुणीतरी आपल्यावरच्या मायेनं काही केलं, अशी एकच गोष्ट त्या म्हातारीजवळ उरली होती आणि ती कुणी हातची सोडत नाही. हे बारकीला कळत होतं. कळलं म्हणून तिनं माफ केलं, असं मात्र कुणी समजू नये.

घरी जाताना मुलगी म्हणाली, "मग?"

"त्यांना आठवलं होतं. मी पाहिलं."

"आई, पुरे आता."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात सकाळीच गर्दी होती. लांब बाकांवर नाव बदलायला आलेली माणसं बसली होती आणि बसल्या बसल्या एकमेकांना आपापलं दुखणं सांगत होती. बारकीच्या शेजारच्या जाड गृहस्थांच्या नावाचा एक भामटा पळून गेला होता आणि दर दोन महिन्यांनी पोलीस यांनाच उचलत होते. "माझा गुन्हा काय, तर माझ्या आईबापांनी हौसेनं हे नाव ठेवलं," ते म्हणाले. पलीकडच्या बाईंनी नवरा सोडला होता. "त्यानं ठेवलेलं नाव तेवढं अंगावर राहिलंय, ते आज उतरवते," त्या म्हणाल्या आणि मोकळेपणानं हसल्या. एक मुलगा कुणाशीच बोलत नव्हता. त्याचं नाव शाळेत काय चिडवायला वापरलं गेलं असेल, ते त्याच्या मान खाली घालून बसण्यावरून कळत होतं.

शिपाई जवळून गेला तेव्हा बारकीनं त्याला हळूच विचारलं, "भाऊ, जुनं नाव परत घेता येतं का?"

"येतं की, मावशी. जुनं तुमचंच होतं याचा पुरावा आणायचा."

"आणि पुरावा नसेल तर?"

"मग दुसरं एखादं घ्या. नावांना काय तोटा आहे?" शिपाई म्हणाला आणि आत गेला. त्याला घाई होती. त्याचं काही चुकलं नव्हतं.

बारकी मनात हिशोब जुळवत बसली. सही द्यायची की नाही? नाही म्हटलं तर मुलगी दुसरी साक्ष आणेल, मैत्रिणी आहेत. शिवाय नाही म्हणायचं कशाच्या जोरावर? एवढ्यात शिपायानं दारातून नावाचा पुकारा केला. तेच नाव. त्यानं ते खणखणीत आवाजात, नीट, पूर्ण घेतलं. मुलगी जागची हलली नाही. त्यानं पुन्हा पुकारा केला. बारकीनं मुलीला कोपरानं ढोसलं. "अगं ऊठ ना. तुला बोलावतायत."

मुलगी तिच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"मी मुद्दाम बसून राहिले," ती म्हणाली. "म्हटलं, बघू या कोण उठतं ते. तुझं असतं तर तू उठली असतीस, आई. निदान मान तरी वळवली असतीस."

"अगं पण मला वाटलं, तुलाच..."

"तेच म्हणतेय मी."

ती उठून आत गेली. बारकीला पाठोपाठ जावं लागलं, सहीसाठी. सही करायला ती आता शिकली होती. तीन अक्षरांच्या वर जायचं नाही म्हणून सोपी होती. तिनं 'बारकी' असं जपून लिहिलं. टेबलामागच्या माणसानं शिक्का मारला आणि पुढचा माणूस बोलावला.

बाहेरच्या जिन्यावर मुलीनं तिला नवीन नाव सांगितलं. छोटंसं होतं, ओळखीतल्या कुणाचंच नव्हतं. बारकीनं ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. "कसं आहे?" मुलीनं विचारलं, आणि विचारताना ती क्षणभर लहान दिसली.

"चांगलंय. तुला शोभतं."

ती खोटं बोलली नाही. शोभत होतं. ते नाव घेऊन तिच्यावर कधी कुणी ओरडलं नव्हतं.

मुलीला दुपारच्या पाळीला पोचायचं होतं. "येते," म्हणून ती भराभर बसथांब्याच्या दिशेनं निघाली. ती बरीच पुढे गेल्यावर बारकीच्या लक्षात आलं, तिचा जेवणाचा डबा आपल्याच पिशवीत राहिला. तिनं तो बाहेर काढला आणि मुलीला हाक मारली. नवीन नावानं. पहिलीच हाक होती, पण जीभ अडखळली नाही.

मुलगी चालत राहिली.

बारकीनं आणखी मोठ्यानं हाक मारली. रस्त्याच्या कडेला फळं विकणाऱ्या बाईनं वळून पाहिलं, एका पोरानं पाहिलं. मुलगी तशीच पाठमोरी, ताठ मानेनं, आपल्याच तंद्रीत पुढे जात होती. रागानं तिनं न ऐकल्यासारखं केलं, असं नव्हतं. आपल्याला कुणी बोलावतंय, हे तिच्या कानांना अजून ठाऊकच नव्हतं. तुझं असतं तर मान वळवली असतीस, असं आता बारकीलाही म्हणता आलं असतं. पण म्हणून काय मिळवायचं होतं?

जुन्या नावानं एक हाक, हळू आवाजातली सुद्धा, पुरली असती. ती जागच्या जागी वळली असती. ते नाव बारकीच्या ओठांवर येऊन थांबलं. बस येताना दिसत होती आणि पाय आता धावण्याचे राहिले नव्हते. माणूस जे नाव सांगतं ते सोडून जगानं भलत्याच नावानं हाक मारली की आत काय होतं, हे त्या रस्त्यावर तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

तिनं पुन्हा नवीनच नाव घेतलं. मग डबा दोन्ही हातांनी धरून ती मुलीच्या मागे जमेल तेवढं भरभर चालू लागली.